रस्त्यावरचे मृत्यू उपदेशाने कमी होत नाहीत

गेल्या ऊस हंगामात माझा खालाजाद भाऊ गेला. वय २४. गावापासून तीन किलोमीटरवरच्या मेडिकलमधून खालासाठी बीपीच्या गोळ्या घेऊन तो मोटारसायकलवरून परत येत होता. इशाची नमाज होऊन गेली होती. वाटेत रस्त्याच्या कडेला, अर्धी डांबरावर आणि अर्धी साइडपट्टीवर, उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. टायर फुटला म्हणून ट्रॅक्टरवाला ट्रॉली सोडून ट्रॅक्टर घेऊन गेला होता. ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. इशारा म्हणून मागे दगड किंवा झाडाची फांदीसुद्धा टाकलेली नव्हती. तो सरळ तिच्यावर आदळला. त्याचे हेल्मेट घरी खुंटीवर होते.

जनाज्याच्या दिवशी अंगणात बसलेल्या जवळपास प्रत्येकाने एकच वाक्य म्हटले, "उसका वक्त आ गया था." पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला, पण तो मयतावरच. भरधाव वेगाने आणि हयगयीने वाहन चालवून तो स्वतःच्या मृत्यूस कारणीभूत झाला, असे कागदावर आले. आरोपीच मयत, त्यामुळे तपास तिथेच थांबला. ट्रॉली दुसऱ्या दिवशी टायर बदलून कारखान्यावर गेली.

तेव्हापासून मी जमेल तेवढे वाचतो आहे. प्रश्न एकच होता. जगात कुठे रस्त्यावरचे मृत्यू खरोखर कमी झाले आहेत का, आणि झाले असतील तर कशामुळे? मला जे सापडले ते इथे मांडतो. कारण अंगणातले वाक्य आणि पोलिसांचा कागद, दोन्हींनी मूळ प्रश्नच विचारला नव्हता.

चूक कोणाची, की मृत्यू कशामुळे?

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात कधी कधी रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो. कोणीतरी चुकीची कमांड दिलेली असते. दुसऱ्या दिवशी बैठक होते, पण त्या माणसाला झापण्यासाठी नाही. प्रश्न विचारला जातो की एका माणसाच्या एका चुकीने सगळी यंत्रणा बंद पडू शकते, अशी रचना आपण केलीच कशी? मग तिथे एखादी अडवणूक बसवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी तीच चूक झाली तरी नुकसान होऊ नये. माणूस चुकणार, हे आम्ही गृहीत धरतो.

रस्त्याच्या बाबतीत मात्र आपण उलट करतो. माणसाने कधीच चुकू नये, अशी अपेक्षा ठेवतो. चुकला की त्याला मरणाची शिक्षा होते आणि आपण म्हणतो, त्याची चूक होती.

देशाचे आकडे पाहा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली. २०२३ मध्ये हा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ हजारांहून अधिक, म्हणजे रोज चाळीसहून जास्त घरांतून जनाजा किंवा तिरडी उठली. २०२२ च्या मृतांत शंभरातले ४४ दुचाकीवरचे होते आणि १९ पायी चालणारे. म्हणजे मरणारा बहुतेक वेळा मोठ्या गाडीतला नसतो. तो आपल्यासारखा, कामाला जाणारा, औषध आणायला निघालेला माणूस असतो.

काय केल्याने फारसा फरक पडत नाही

आपल्याकडे दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान होते. फलक लागतात, रॅली निघते, शाळेत चित्रकला स्पर्धा होते. हेतू चांगला असतो. पण परवाना मिळालेल्या चालकांना पुन्हा प्रशिक्षण दिल्याने अपघात कमी होतात का, यावरचे जगभरचे प्रयोग एकत्र करून तपासले गेले, तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. माणसाला नियम माहीत नसतो म्हणून तो मरत नाही. माझ्या भावालाही हेल्मेट घालावे हे माहीत होते.

दुसरा आवडता उपाय म्हणजे मोठा दंड. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यातले दंड कित्येक पटींनी वाढले. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. त्यानंतर देशातले मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. गाड्याही वाढल्या हे मान्य. पण नुसत्या मोठ्या आकड्याची भीती वाटत नाही, हे आपण रोज चौकात पाहतो. पाच हजारांचा दंड वर्षातून एखाद्याच वेळी होणार असेल, तर तो नशिबाचा भाग वाटतो. पाचशेचा दंड प्रत्येक वेळी होणार असेल, तर माणूस सवय बदलतो. दंड किती आहे यापेक्षा तो नक्की होणार आहे का, हे जास्त महत्त्वाचे.

वेगाचे गणित

मग काय चालते? सगळ्यात आधी वेग. यात नैतिकता नाही, साधे भौतिकशास्त्र आहे.

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो. दमलेला असेल तर जास्त. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. पुढे चांगल्या, कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी २३ मीटरच्या आसपास. एकूण ४० मीटर. हाच वेग ताशी ४० असेल तर ११ अधिक १०, म्हणजे साधारण २१ मीटरमध्ये गाडी थांबते. आणि जिथे चाळीसची गाडी पूर्ण थांबलेली असते, त्याच जागी साठची गाडी अजून पन्नासच्या वर वेगात असते.

आता मोटारसायकलच्या खालच्या लाइटचा विचार करा. अंधाऱ्या रस्त्यावर तिच्यात बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली तीस-चाळीस मीटरवर आल्यावर दिसली तर दिसली. साठच्या वेगाला तेवढे अंतर पुरत नाही. माझा भाऊ 'भरधाव' नव्हता. त्या रस्त्यावर सगळे ज्या वेगाने जातात, त्याच वेगाने तो जात होता.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की रस्त्यावरचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका साधारण चार टक्क्यांनी वाढतो. हे उलटेही खरे आहे. वेग थोडा जरी उतरला तरी मृत्यू बरेच उतरतात. लॉकडाऊनच्या २०२० मध्ये आपल्याकडे अपघात जितक्या टक्क्यांनी घटले, तितक्या टक्क्यांनी मृत्यू घटले नाहीत. रस्ते मोकळे होते, गाड्या जोरात होत्या. प्रत्येक अपघात अधिक जीवघेणा ठरला.

पण वेग कमी करायचा कसा? "हळू चालवा" असा फलक लावून नाही. रस्ताच असा करायचा की जोरात चालवता येऊ नये, किंवा चूक झाली तरी जीव जाऊ नये.

स्वीडन, घाना आणि आपला एक्स्प्रेस वे

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये एक धोरण स्वीकारले. रस्त्यावर माणूस मरणे हे कोणत्याही प्रमाणात मान्य नाही, आणि जबाबदारी फक्त चालकाची नाही, रस्ता बांधणाऱ्याचीही आहे. त्या वर्षी तिथे ५४१ माणसे रस्त्यावर मेली होती. अलीकडच्या वर्षांत हा आकडा दोनशे ते दोनशे तीसच्या आसपास असतो. या काळात गाड्या काही कमी झाल्या नाहीत.

त्यांनी केलेला एक बदल सांगतो. त्यांच्या दुपदरी महामार्गांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक होऊन माणसे मरत. त्यांनी त्याच रस्त्याचे तीन पदर केले. मधला पदर काही अंतर या बाजूला, काही अंतर त्या बाजूला ओव्हरटेकसाठी दिला आणि दोन दिशांच्या मध्ये पोलादी तारांचा कठडा टाकला. चालक सुधारले नाहीत. ते तसेच डुलक्या घेत होते, तसेच चुकत होते. पण चुकलेली गाडी समोरच्या गाडीऐवजी तारेवर जाऊन थांबू लागली. अशा रस्त्यांवर मृत्यू ७५ ते ८० टक्क्यांनी घटले.

कोणी म्हणेल, स्वीडन श्रीमंत देश आहे. मग घानाचे उदाहरण घ्या. तिथे आक्रा ते कुमासी या मुख्य रस्त्यावर सुहुम नावाचा एक जीवघेणा चौक होता. तिथे रस्त्यावर आडव्या खडबडीत पट्ट्या टाकल्या गेल्या, ज्यांना आपण रम्बलर म्हणतो. अपघात सुमारे ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे ५५ टक्क्यांनी कमी झाले. खर्च नगण्य.

आणि हे आपल्याकडेही घडले आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर २०१६ मध्ये १५१ माणसे मेली होती. तिथे रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी मिळून एकेका अपघाताच्या जागेचा अभ्यास केला. उघडे खांब आणि खडक कठड्याआड घेतले, कडेला उभे राहणारे ट्रक हटवले, वेग मोजायला सुरुवात केली, रुग्णवाहिका लवकर पोहोचेल असे पाहिले. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. चालक तेच होते, मराठी माणसांचा स्वभावही तोच होता.

मात्र एक्स्प्रेस वेवर मोठ्यांच्या गाड्या जातात, म्हणून तिथे लक्ष गेले. तालुक्याच्या रस्त्यावर आपण जातो.

हेल्मेट: आपल्या हातातली गोष्ट

रस्ता बदलायला वेळ लागतो. हेल्मेटला लागत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

व्हिएतनाम आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून जास्त दुचाकींचा देश. तिथे कायदे आधीही होते, पण पाळत कोणी नव्हते. १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर, चालक आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट सक्तीचे झाले, आणि त्या दिवसापासून पोलीस खरोखर रस्त्यावर उभे राहिले. चाळीस टक्क्यांहून कमी लोक हेल्मेट घालत होते, ते प्रमाण नव्वदच्या वर गेले. रुग्णालयांतल्या नोंदींत डोक्याच्या दुखापतीचा धोका १६ टक्क्यांनी आणि मृत्यूचा १८ टक्क्यांनी घटलेला दिसला. मुलांना मात्र दंड करता येत नव्हता, म्हणून मुलांची डोकी बरीच वर्षे उघडीच राहिली.

उलटा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत १९७६ नंतर केंद्राचा दबाव उठला आणि जवळपास निम्म्या राज्यांनी हेल्मेटचा कायदा सैल केला. तिथे मोटारसायकलस्वारांचे मृत्यू वाढले. एखादी गोष्ट काढून घेतल्यावर दुखणे परत येत असेल, तर ती गोष्टच औषध होती हे समजायला आणखी पुरावा लागत नाही.

भारतात २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे मेली. त्यातली १४ हजारांहून अधिक मागे बसलेली होती. सगळी वाचली नसती. पण काटेकोर हिशोब केला तरी हजारो वाचली असती.

आता आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. स्कार्फ किंवा बुरख्यावर हेल्मेट बसत नाही म्हणून अम्मी आणि बहिणी मागे उघड्या डोक्याने बसतात. दुकानात थोडा वेळ घालवला तर स्कार्फवर नीट बसणारा साइज मिळतो. आयएसआय मार्क पाहा, पट्टा हनुवटीखाली बांधा. बुरखा आणि ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाची जाळी काढून टाकू नका. गाडी 'स्मार्ट' दिसावी म्हणून ती काढणारे मी खूप पाहिले आहेत. चार वर्षांवरच्या मुलालाही हेल्मेट लागते, कायद्याने आणि अकलेनेही. टोपी घालून मशिदीपर्यंत जायचे असेल तर टोपी खिशात ठेवता येते.

रमजानमध्ये मगरिबच्या आधीच्या वीस मिनिटांत आपल्या रस्त्यांवर काय होते, ते सगळ्यांना माहीत आहे. दिवसभराचा रोजा, डोके जड, आणि घरी इफ्तारला पोहोचायची घाई. डिकीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवली तर इफ्तार रस्त्याच्या कडेलाही होतो. शब-ए-बरातच्या रात्री तिघे-तिघे एका गाडीवर बसून, सायलेन्सर काढून फिरणाऱ्या पोरांबद्दल मशिदीतून सांगितले जाते. पण सांगणे पुरत नाही, हे वर आलेच आहे. त्या रात्री गाडीची चावी घरातल्या मोठ्यांच्या खिशात असेल, तर उपदेशाची गरज उरत नाही.

अपघात झाल्यानंतर

माझा भाऊ किती वेळ तिथे पडून होता, हे आम्हाला कधीच कळले नाही. दोन मोटारसायकली थांबल्या आणि पोलिसांच्या लफड्यात नको म्हणून निघून गेल्या, असे नंतर एकाने सांगितले. त्यांना दोष देत नाही. पण आता हे सगळ्यांना माहीत असायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जखमीला मदत करणाऱ्यांना संरक्षण दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, नाव सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना आहे. नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च जखमीला भरावा लागत नाही. १०८ लावा आणि थांबा. एवढ्याने एखादा वाचतो.

काट्यावर थांबवा

शेवटी त्या ट्रॉलीकडे परत येतो. दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगाम सुरू होतो आणि पश्चिम महाराष्ट्र, मराठवाड्याच्या रस्त्यांवर अंधारात ट्रॉल्या उभ्या राहतात. वाहन धोकादायक स्थितीत सोडून जाणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ खाली आधीपासूनच गुन्हा आहे. पण शेकडो किलोमीटर रस्त्यावर, प्रत्येक ट्रॉलीमागे पोलीस उभा करणे शक्य नाही. रिफ्लेक्टर लावा अशी विनंती करणारे कार्यक्रम होतात, फोटो निघतात आणि टेप महिन्याभरात चिखलाखाली जाते.

इंजिनिअर म्हणून मला इथे एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक ट्रॉलीला कारखान्याच्या वजनकाट्यावरून जावेच लागते. दुसरी वाट नाही. मग तपासणी तिथेच करायची. मागे स्वच्छ, दिसणारी रिफ्लेक्टर टेप आणि बंद पडल्यास ठेवायचा त्रिकोण नसेल, तर ट्रॉलीचे वजन करायचे नाही. काट्यावर थांबलेल्या ट्रॉलीचा तासागणिक तोटा होतो. दोन दिवसांत सगळ्या ट्रॉल्यांना टेप लागेल. कोणाला सुधारावे लागणार नाही, कोणाला उपदेश करावा लागणार नाही.

आम्ही काही मित्रांनी या मागणीचे निवेदन तयार केले आहे आणि या हंगामाआधी ते जवळच्या कारखान्याला आणि जिल्हाधिकाऱ्यांना देणार आहोत. त्यात मराठा, धनगर, दलित, मुस्लिम सगळे आहेत, कारण त्या रस्त्यावरून सगळेच जातात. तुम्हीही आपापल्या तालुक्यात हे करू शकता. जिल्ह्यात रस्ता सुरक्षा समिती असते. वारंवार अपघात होणाऱ्या जागेची तारीखवार यादी आणि फोटो घेऊन तिच्याकडे जा. शाळा, मशीद, मंदिर, बाजार यांच्यापुढे रम्बलर आणि उजेड मागा. रस्त्याची रचना सदोष असल्याने मृत्यू झाला तर कलम १९८-अ खाली रस्ता बांधणाऱ्यावर आणि सांभाळणाऱ्यावरही जबाबदारी येते, हे निवेदनात लिहा. "सुरक्षित प्रवास करा" एवढेच लिहून देऊ नका. जागा, उपाय आणि मुदत लिहा.

राहिले तकदीरचे. मृत्यूची वेळ अल्लाहच्या हाती आहे यावर माझा ईमान आहे, आणि त्या वाक्याने खालाला आधार मिळाला हेही मी पाहिले. पण तकदीर हा दुःख सोसायचा आधार आहे, ट्रॉलीला टेप न लावायची सबब नाही. उंट बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. हेल्मेटचा पट्टा बांधणे, ट्रॉलीला टेप लावणे, चौकात रम्बलर मागणे, हे सगळे उंट बांधणेच आहे.

खालाच्या घरी ते हेल्मेट अजून खुंटीवर आहे. तिचा धाकटा मुलगा यंदा अठरा वर्षांचा होतो आहे. तो त्याच रस्त्याने कॉलेजला जाणार, आणि हंगाम पुन्हा सुरू होणार.